जुनी रायफल घेताना

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी मराठीच्या सरांना माझा विषय सांगितला. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "दुसऱ्या वर्षाची मुले कविता देतात, फार तर सहलीचे वर्णन देतात. तू बंदूक घेऊन कुठे निघालास?" सरांचे म्हणणे खोटे नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या काकांनी एक जुनी रायफल विकत घेतली आणि ती घेताना दिवाळीपासून होळीपर्यंत मी त्यांच्याबरोबर कागद धरून फिरलो. घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. त्यामुळे परवाना, कायद्याची कलमे आणि नळीवरचे ठसे वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. त्या फिरण्यात जे कळले ते लिहून ठेवावे असे वाटते, कारण आपल्या कॉलेजातली निम्मी मुले शेतकऱ्यांची आहेत आणि डुक्कर सगळ्यांच्याच शेतात येते.

प्रथम ही 'बोल्ट'ची रायफल म्हणजे काय ते सांगतो. एन. सी. सी. तल्या मित्रांना हे सांगायला नको, कॅम्पमध्ये ०.२२ ची रायफल त्यांनी हाताळलेली असते. इतरांनी आपल्या घराच्या दाराची लोखंडी कडी डोळ्यांपुढे आणावी. कडीची मूठ वर उचलायची, मागे ओढायची. दार मोकळे झाले. पुढे सारून मूठ खाली पाडली की दार बंद. रायफलीचा बोल्ट अगदी असाच चालतो. मागे ओढला की उडालेल्या काडतुसाची पितळी टोपण बाहेर फेकली जाते, पुढे सारला की खालच्या पेटीतले नवे काडतूस नळीत जाते, आणि मूठ खाली पाडली की नळीचे मागचे तोंड घट्ट बंद होते. दारू पेटल्यावर जो प्रचंड दाब निर्माण होतो तो या कडीने पेलायचा असतो. म्हणून कडी झिजली असेल तर चोर आत येणार नाही, पण आतला विस्तव बाहेर येईल, आणि बाहेर म्हणजे नेमका नेम धरणाऱ्याच्या तोंडावर.

या कडीच्या दोन जाती जगभर गाजल्या. एक जर्मनीच्या पॉल माउझर यांची, १८९८ सालच्या नमुन्याची. तिला अडकवणारे मुख्य खुंट पुढच्या टोकाला असतात. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी ०.२७५ रिग्बी भेट मिळाली ती याच माउझर जातीची. दुसरी जेम्स पॅरिस ली यांची. ती इंग्लंडमधील एन्फील्डच्या कारखान्याशी जोडली गेली म्हणून ली-एन्फील्ड. हिचे खुंट मागच्या बाजूला असतात आणि बोल्ट फार झपाट्याने चालतो. आपल्याकडे जी जुनी रायफल विकायला येते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीची असते, कारण पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने नागरिकांसाठी जी ०.३१५ ची रायफल बनवली तिचा सांगाडा ली-एन्फील्डचाच आहे.

आता हा ०.३१५ आकडा कुठून आला? लोक तिला 'तीनशे पंधरा' म्हणतात. इंचाचे मिलिमीटर केले तर नळीचे भोक आठ मिलिमीटर भरते. इंग्रजांच्या फौजेची रायफल ०.३०३ ची होती. फौजेचे काडतूस रयतेच्या हाती जाऊ नये म्हणून त्या बोअरची रायफल सामान्य माणसाला मना होती. (१८५७ नंतर राज्यकर्त्यांना झोप लागत नसावी.) तेव्हा सांगाडा फौजेचाच ठेवून नळी मात्र ऑस्ट्रियन पद्धतीच्या आठ मिलिमीटर काडतुसाची बसवली, म्हणजे फौजेची गोळी चोरून तिच्यात घालता येणार नाही. इंग्रज गेले पण नियम राहिला. आजही ०.३०३ हा निषिद्ध बोअर आहे. कुणी "स्वस्तात तीन-नॉट-तीन देतो" म्हणाला तर तिथून चालू लागावे, तिचे काहीही तपासत बसू नये. ०.३१५ ची काडतुसे मात्र आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनत आली आहेत. २०२१ साली सरकारी शस्त्र कारखान्यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तेव्हा ईशापूर एका कंपनीत गेले आणि खडकी दुसऱ्या. त्यामुळे रायफल आणि तिचे काडतूस आता कागदोपत्री सख्खी भावंडे राहिली नाहीत.

हिला 'शिकारी रायफल' म्हणायचे ही केवळ जुनी सवय आहे. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधन आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौशीने शिकार करणे ही गोष्टच उरली नाही. शेताची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या बाबतीतही वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय बार काढता येत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते. बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना मिळाला असे ते समजतात. हे दोन वेगळे कागद आहेत, दोन वेगळ्या कचेऱ्यांतले.

आमच्या घरी पूर्वी ठासणीची बंदूक होती. कोकणात शेतीसंरक्षणासाठी हीच घरोघर असे. आजोबा वारले आणि ती रीतसर जमा झाली. पुढे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. चौकश्या, जबाब, प्रशिक्षणाचा दाखला असे सगळे सोपस्कार होऊन एके दिवशी परवाना आला. त्यावर एक रायफल घेता येईल अशी नोंद होती. काकांना त्या दिवशी झोप आली नसावी. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते शेजारच्या तालुक्यात एक रायफल बघायला गेले, आणि मला न सांगता पाच हजार रुपये इसार देऊन आले.

त्या घराचे नाव लिहीत नाही. घरातला वडील माणूस दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि रायफल त्याच्या नावावर होती. पुढच्या रविवारी काका मला घेऊन गेले. रायफल खाटेवर चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. बाहेर काढली तेव्हा मी तर बघतच राहिलो. नळी निळसर काळी, आरशासारखी, दस्त्याला नवे पॉलिश, पट्टाही कोरा. काका तिला हातात घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांचे वय दहा वर्षांनी कमी झालेले दिसले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती मात्र फौजेची होती. रायफल हातात येताच नळी कुणाच्याही दिशेला न धरता बोल्ट उघडला, आत पाहिले आणि करंगळी घालून काडतूस नाही याची खात्री केली. घरातला मुलगा म्हणाला, "रिकामीच आहे हो." काका म्हणाले, "माका ठाऊक हा. तरी बघूचा लागता."

त्यानंतर बोल्ट पूर्ण बाहेर काढून नळीतून उजेडाकडे बघायचे असते. बघायचे मागच्या बाजूने. समोर पांढरा कागद धरला तर अधिक स्वच्छ दिसते. चांगल्या नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. या खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत, आणि उजेडाची वर्तुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजेत. काकांनी पाहिले आणि काही न बोलता रायफल माझ्याकडे फिरवली. (एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज शस्त्राचा परवाना मिळत नाही. मी एकोणीस वर्षांचा, म्हणून माझा अधिकार डोळ्यांपुरताच.) बाहेरून आरसा असलेल्या त्या नळीला आतून देवीचे वण होते. काळे, खोल, दाट. आणि तोंडापासून साधारण वीतभर आत एक काळसर कडे दिसत होते, जणू नळीने तिथे अंगठी घातली होती.

या दोन दोषांची कारणे वेगळी आहेत, आणि मला वाटते जुनी रायफल घेणाऱ्याने बाकी काही नाही तरी एवढे समजून घ्यावे.

वण पडतात ते रायफल फार उडवल्याने नव्हे. ते पडतात उडवल्यावर तशीच ठेवल्याने. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळला की मागे एक प्रकारचे मीठ राहते. हे मीठ आपल्या घरातल्या मिठासारखेच हवेतले पाणी ओढते, आणि कोकणच्या हवेला पाण्याची काय वाण! बरेच लोक उडवून झाल्यावर नळीत तेल फिरवतात आणि आपण स्वच्छता केली असे मानतात. पण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. तेलाच्या थराखाली ते सुखाने गंज खात बसते. इंग्रजी फौजेत नळीतून उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती ती याचसाठी. हे वाचले तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. ठासणीचा बार काढून आले की चुलीवरचे आधण आधी बंदुकीला मिळे, मग त्यांच्या अंघोळीला. काळ्या दारूची राखही पाणी धरते. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण नळी कशाने खराब होते हे ठाऊक होते.

कड्याचे कारण अधिक भयंकर आहे. नळीत काही अडकलेले असताना बार काढला तर गोळी त्या अडथळ्यावर आपटते, मागचा दाब क्षणभर एका जागी कोंडतो आणि पोलाद तिथे फुगते. फुगण्यावर निभावले तर नशीब, नाहीतर नळी फाटते. अडकायला मोठी वस्तू लागत नाही. चिंधीचा तुकडा पुरतो, पडताना तोंडात गेलेला चिखल पुरतो. आमच्याकडे तर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे कुंभारीण. ही माशी पावसाळ्यानंतर कुलपाच्या भोकातसुद्धा मातीचे घर बांधते. कोपऱ्यात उभी करून ठेवलेली नळी तिला आयतेच बिऱ्हाड. बाहेरून पॉलिश केलेल्या नळीवर फुगवटा सहज दिसत नाही. बोटे हलकेच फिरवली किंवा पोलादी पट्टीची कड लावून उजेडाकडे धरली की फट दिसते. त्या नळीवर ती दिसली.

मग मी ठसे वाचले. ली-एन्फील्ड पद्धतीच्या रायफलीत सांगाड्यावर जो क्रमांक असतो तोच बोल्टच्या मुठीच्या मुळाशी मागच्या अंगाला मारलेला असतो. याला कारण आहे. कडी आणि चौकट एकमेकांना घासून बसवलेल्या असतात, दुसऱ्या दाराची कडी आणून बसवली तर ती लागेल पण नीट लागेलच असे नाही. या रायफलीचा बोल्ट भलत्याच क्रमांकाचा होता. कुठल्यातरी रायफलीचा बोल्ट हरवला किंवा मोडला आणि याचा त्याला, त्याचा याला असे झालेले असावे.

शेवटी कागद मागितले. परवान्याची पुस्तिका काढली गेली ती मृत माणसाची, मुदत संपलेली. परवानाधारक मरण पावला की त्याचे शस्त्र वारसांनी विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावयाचे असते. तिथून ते योग्य परवाना असलेल्या माणसाला विकता येते. ही रायफल दोन पावसाळे खाटेखाली होती. म्हणजे त्या घरात ती असणे हाच गुन्हा, आणि आम्ही ती घेतली असती तर दुसरा गुन्हा. जिवंत परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला स्वतःचे शस्त्र विकायचे असले तरी आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावे लागते, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जावे लागतात. मुलगा म्हणाला, "कागदाचं मागाहून बघू." मी काकांकडे पाहिले. फौजी माणूस कागदाला भितो, ही चांगली गोष्ट आहे. आम्ही उठलो. इसारापैकी तीन हजार परत आले. दोन हजार "पॉलिशला खर्च झाले" म्हणून राहिले ते राहिलेच. आम्हालाच त्या नव्या पॉलिशचे पैसे पडले, याचे आई आजही हसते. काका हसत नाहीत.

येताना एस.टी.त काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतकी वर्सा फौजेत काढली, आणि चकाकी बघून फसलंय." यात त्यांचा दोष नव्हता. फौजेतले शस्त्र कोठारातून येते, त्याची तपासणी दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. विकत घेणे ही निराळी विद्या आहे.

दुसरी रायफल कोल्हापुरात मिळाली, परवाना असलेल्या दुकानदाराकडे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली, आणि ज्यांच्याकडे तिसरे होते त्यांना ते वर्षाच्या आत देऊन टाकावे लागले. ही त्यांपैकीच एक. दिसायला अगदी गरीब. दस्त्यावर ओरखडे, नळीचा निळा रंग हाताळून हाताळून करडा झालेला, पट्टा दोरीने बांधलेला. काकांना ती आवडली नाही. पण बोल्ट काढून नळीतून पाहिले आणि आम्ही दोघेही जरा थांबलो. आत लख्ख उजेड होता. कुणीतरी वर्षानुवर्षे ही नळी प्रत्येक बारानंतर धुतली होती आणि बाहेरच्या रंगाची पर्वा केली नव्हती. तो माणूस कोण ते आम्हाला माहीत नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे.

इथे दुकानदाराने ज्या गोष्टी दाखवल्या त्या थोडक्यात सांगतो. बोल्टचा आणि सांगाड्याचा क्रमांक एकच होता. नळीच्या तोंडाची कड त्याने भिंगाखाली धरली. गोळी नळी सोडते ती शेवटची जागा हीच, तिथे एका बाजूला खरचटले असेल तर बाकी सर्व चांगले असूनही गोळी वाकडी जाते. नळी तोंडाकडून साफ करणारे लोक सळई घासून घासून ही कड झिजवतात. स्क्रूंच्या खाचा पाहायला सांगितल्या. त्या फाटलेल्या असतील तर रायफल घरच्या घरी कुणीतरी उघडली आहे असे समजावे. दस्ता जिथे बारीक होतो आणि आपण मूठ धरतो तिथे केसासारखी चीर असते ती अंगठ्याने दाबून पाहावी लागते. लाकूड पावसाळ्यात फुगून नळीला एका बाजूने रेटू लागले तर उन्हाळ्यात साधलेला नेम श्रावणात चुकतो, हेही त्यानेच सांगितले. चाप आणि सेफ्टी यांची परीक्षा अशी : रिकाम्या रायफलीचा घोडा चढवायचा, सेफ्टी लावून चाप दाबायचा, सोडायचा, आणि मग सेफ्टी काढायची. त्या क्षणी घोडा पडला तर रायफल नको. पुन्हा चढवून दस्त्याचा तळ रबरी चटईवर हलके आपटायचा, तरीही पडता कामा नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचा बूड यांच्यामध्ये किती फट राहते, ही ती गोष्ट. ०.३१५ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. ती कडा नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि मागून बोल्ट तिला दाबून धरतो. बोल्ट झिजला की फट वाढते. मग बार होताना काडतुसाचे पितळ मागे ताणले जाते, आणि फार ताणले तर बुडाच्या थोडे पुढे आडवे तुटते. तापलेला वायू मागे सुटतो. हे मोजायला पोलादाच्या दोन मापपट्ट्या असतात. एकीवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसरीवर तो बंद होता कामा नये. दुकानदाराने दोन्ही लावून दाखवल्या. ज्यांना मापे मिळत नाहीत त्यांनी त्या रायफलीतून उडालेली टोपणे मागून घ्यावीत. बुडाच्या वर चकचकीत कडे पडलेले असेल तर पितळ तिथे तुटायच्या बेतात आहे असे समजावे. ली-एन्फील्डच्या बोल्टचे डोके वेगळे निघते आणि लहानमोठ्या लांबीची डोकी बनवलेली असतात, त्यामुळे थोडी वाढलेली फट कारागीर भरून काढू शकतो. पण ते काम कारागिराचे. आपण कानस घेऊन बसू नये.

दुकानदार प्रामाणिक होता. सगळे दाखवून झाल्यावर काकांना म्हणाला, "हवालदारसाहेब, शेतासाठीच हवी असेल तर रायफल कशाला? बारा बोअरची काडतुशी बंदूक घ्या. छर्रे दोन-तीनशे मीटरवर थकतात. ही गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडेसुद्धा माणूस मारील." काका म्हणाले की परवाना रायफलीचा आहे. हे खरे होते. रायफलीच्या परवान्यावर बारा बोअर घेता येत नाही. पण पूर्ण खरे नव्हते. अर्जात रायफल लिहिली होती ती काकांनीच. माझे प्रामाणिक मत असे, की ती रायफल त्यांनी अर्धी शेतासाठी आणि अर्धी स्वतःसाठी घेतली. खांद्यावरचे ओझे गेल्यापासून ते थोडे वाकूनच चालत होते.

पैसे चुकते झाले, परवान्यावर रायफलीचा क्रमांक आणि बोअर चढला. मी तो तीनदा ताडून पाहिला, कारण एक आकडा चुकला तर पुढे नूतनीकरणाच्या वेळी ती रायफल आपली नव्हेच असे ठरायचे. एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची याचाही आकडा तिथेच लिहिलेला असतो. निवडणूक आली की शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. तेव्हा पावती घ्यावी, आणि जमा करण्यापूर्वी नळी पुसून तेल द्यावे. महिनाभर तिच्याकडे बघणारे कुणी नसते.

रेंजवर रीतसर परवानगीने काकांनी पाच गोळ्या उडवल्या, पन्नास मीटरवरून. मी मागे कानांत कापूस घालून बसलो होतो. पाचही भोके माझ्या तळहाताखाली झाकली गेली, मात्र मध्यापासून चार बोटे डावीकडे. माशी किंचित सरकवून ते नंतर जुळवले. घरी येताच काकांनी आईकडे गरम पाणी मागितले. आई म्हणाली, "भावजी, अंघोळीला?" काका म्हणाले, "आधी हिका."

यंदाच्या आश्विनात भात पिवळे झाले आणि डुकरे आली. वनखात्याची परवानगी या वेळी वेळेवर मिळाली होती. काका रात्रभर माळ्यावर बसत, मी सुट्टीत गेलो की बरोबर असे. एके दिवशी उजाडताना खालच्या कुणग्यात भात हलले. एक मोठा नर आणि मागे चार-पाच. साठ-सत्तर पावलांवर, अगदी आडवे उभे. काकांनी बोल्ट पुढे सारून मूठ पाडली, रायफल खांद्याला लावली. मी कानांवर हात ठेवले आणि वाट बघू लागलो.

बार झाला नाही. डुकरांच्या पाठीमागे उतार नव्हता, मोकळा मळा होता, आणि मळ्याच्या पलीकडे धुक्यात वाडीची पायवाट. त्या वेळेला पायवाटेने दूधवाला जातो, कधी कधी पहिल्या एस.टी.ची माणसे जातात. कुणी दिसत नव्हते. पण धुक्यात कोण दिसणार? काकांनी चाप सोडला, बोल्ट मागे ओढला आणि बाहेर आलेले काडतूस तळहातावर झेलले. खाली डुकरे सावकाश भात लोळवत होती.

"डबो वाजव," काका म्हणाले. माळ्यावर पत्र्याचा डबा टांगलेलाच होता. मी काठी घेतली आणि वाजवू लागलो.